डावीकडची सीट

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की मला नवऱ्याचा राग येतो. एरवीही येतो, पण तो संसारातला रोजचा राग. पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेला, ओला टॉवेल गादीवर टाकला, असला. ऑक्टोबरमधला वेगळा. गणपती गेलेले असतात, दिवाळीला अवकाश असतो, आकाश एकदम निळं झालेलं असतं, आणि तिकडे समुद्रकाठी उत्तनला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगायला सुरुवात होते. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. आधी पांढरे, लुसलुशीत, मग पिवळट, मग नुसती काडी. आमच्या भाईंदर पूर्वेच्या बाजारात त्यांची पहिली जुडी आली की वास नाकात जातो आणि मला माझं डायनिंग टेबल आठवतं. त्यावर पसरलेल्या तारा आठवतात. मग दिवसभर मी कोणाशी धड बोलत नाही.

सांगूनच टाकते. माझ्या नवऱ्याने विमान घेतलं होतं.

हे वाक्य मी पहिल्यांदा फोनवर बहिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "विमानाचं तिकीट घेतलं, असं म्हण ना नीट." मी म्हटलं, नाही गं बाई, आख्खं विमान. पंखांसकट. लोकांचे नवरे दारू पितात, पत्ते खेळतात, शेअर बाजारात बुडतात. त्यांना समाजात काहीतरी नाव आहे. माझ्या नवऱ्याच्या व्यसनाला नावही नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मेहताबेन लिफ्टमध्ये भेटल्या की गोड आवाजात विचारायच्या, "भाभी, प्लेन पार्किंग में कब आएगा? हमारी ॲक्टिवा हटा लें?" आणि लिफ्टमधले सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचे. न हसून जाते कुठे.

अरुण एका विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये होता. कॉकपिटमधली यंत्रं खोलायची, सुधारायची, परत बसवायची, हे त्याचं काम. नोकरीत असतानाच हट्टाने पैसे साठवून तो छोटं विमान उडवायला शिकला आणि त्याने परवाना काढला. पुढे कंपनी बंद पडली. घरात बसलेला अरुण मिक्सर खोलायला लागला, शेजाऱ्यांचे इन्व्हर्टर खोलायला लागला, आणि एक दिवस उत्तनला जाऊन होड्यांवरची यंत्रं दुरुस्त करायला लागला. मासे कुठे आहेत ते दाखवणारा स्क्रीन, वायरलेस, जीपीएस. तिथे त्याला बस्त्याव भेटला. तीन होड्यांचा मालक, रविवारी इस्त्रीच्या शर्टात चर्चला जाणारा, बाकी सहा दिवस लुंगी आणि बनियन. बोलणं कमी, हात मोठे. दोघांची गट्टी अशी काही जमली की मला वाटायचं, लग्न चुकीच्या माणसाशी झालं ह्याचं.

बस्त्यावच्या घराण्याची एक रीत होती. होडीवर नवीन यंत्र बसलं की पहिल्यांदा चालू करण्याआधी ओंजळभर समुद्राचं पाणी त्याच्यावर टाकायचं. दरियाला ओळख करून द्यायची. बापाने केलं, आजाने केलं, तेव्हा यंत्र म्हणजे नुसता कंदील होता, पण रीत तीच. अरुणने त्याच्या होडीवर पहिला स्क्रीन बसवला आणि बस्त्यावने छप्पदिशी त्याच्यावर पाणी मारलं, तेव्हा अरुण किंचाळलाच होता म्हणे. पण होडीचं यंत्र सीलबंद असतं. त्याला पाणी चालतं. स्क्रीन लागला, दोघं हसले, आणि पुढे कितीतरी वर्षं तो किस्सा आमच्या घरी चहाबरोबर निघायचा. बस्त्याव नुसता हसायचा आणि म्हणायचा, "हसा. पन बंद पडलं का? न्हाय ना?"

त्याचा बाप समुद्रात गेला होता. सकाळी होडी घेऊन निघाला तो आलाच नाही. होडी नाही, फळी नाही, काही नाही. बस्त्याव तेव्हा शाळेत होता. हे त्याने मला कधी सांगितलं नाही, त्याच्या आईने सांगितलं, फिलूबायने, आणि तेही भाजी निवडताना सांगावं तसं. बस्त्यावला एकदा, फक्त एकदा, वरून तो दरिया बघायचा होता. "होडीतून खालचा दिसत न्हाय, वयनी," एवढंच तो एकदा मला म्हणाला होता. "वरून दिसत असेल ना, केवढा हाय तो?"

तर असं ते विमान. घाटावरचा एक फ्लाइंग क्लब बंद पडला, त्याचं चार सीटांचं म्हातारं विमान विकायला निघालं, आणि ह्या दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून घेतलं. तेवढ्या पैशात काशीमीऱ्याला सेकंडहँड ट्रक आला असता, आणि ट्रकने निदान पोट भरलं असतं. अरुणचा वाटा म्हणजे आमच्या बाथरूमच्या दुरुस्तीचे पैसे. आमच्या बाथरूममधून मेहताबेनच्या बाथरूममध्ये अजून पाणी ठिबकतं, आणि त्यांचं हसणं अजून का थांबत नाही ते आता तुम्हाला कळलं असेल.

सुट्टीच्या दिवशी दोघं घाट चढून जायचे आणि त्या धावपट्टीभोवती दोन घिरट्या घालून यायचे. अरुण डावीकडे, बस्त्याव उजवीकडे. डावी सीट वैमानिकाची. विमान जमिनीवर उभं असताना, इंजिन बंद असताना, नुसतं फडकं मारायलासुद्धा अरुण कोणाला डावीकडे बसू द्यायचा नाही. बस्त्याव निम्म्याचा मालक. तो एकदा म्हणाला, "जरा बसून बघू का तिकडं?" अरुण म्हणाला, "लायसन काढ, मग बस." बस्त्याव गुमान उजवीकडे गेला. मी मागे बसले होते, मला ते ऐकून बरं नाही वाटलं. लहान मुलं सायकलच्या बाबतीत असं करतात.

पण उत्तनच्या दरियावर जाणं काही होत नव्हतं. समुद्रावर, म्हणजे मुंबईच्या मोठ्या विमानतळाच्या हद्दीत जायचं तर खालच्या लोकांशी नीट बोलता येईल असा रेडिओ लागतो, आणि मी इथे आहे, एवढ्या उंचीवर आहे, असं रडारला सतत सांगत राहणारी एक डबी लागते, ट्रान्सपॉन्डर. ह्या विमानाचा रेडिओ म्हणजे कढईत मोहरी तडतडल्याचा आवाज. डबी मेलेली. क्षितिज दाखवणारं एक गोल यंत्र होतं, ते विमान जमिनीवर ठार उभं असताना सांगायचं की आपण डावीकडे कलंडतोय. तारांवरचं वेष्टण हात लावला की गळून पडायचं. मी म्हटलं, आपल्या सोसायटीच्या कमिटीची मीटिंग भरलीय ह्या पॅनलमध्ये. कोण काय बोलतंय कोणालाच पत्ता नाही.

आणि मग धावपट्टी दुसऱ्याच कोणाच्या हातात गेली. नवीन लोकांनी निरोप पाठवला की शेड रिकामी करायची आहे. दिवाळीपर्यंत जे विमान स्वतःच्या पंखांनी उडून जाईल ते जाईल. राहिलं ते भंगारात.

तो ऑक्टोबर. तोच.

अरुणने माझं डायनिंग टेबल घेतलं. विचारलं नाही, घेतलं. त्यावर प्लायवूडचा मोठा तुकडा ठोकला, प्लायवूडवर पॅनलचा नकाशा काढला, जिथे तार वळणार तिथे खिळा. आणि त्या खिळ्यांमधून तार तार करत आख्खी जुडी तयार करायला लागला, म्हणजे वर जाऊन नुसती उचलून आत बसवायची. आम्ही महिनाभर पलंगावर बसून जेवलो. घरात तारा जोडायच्या फ्लक्सचा वास, पंखा बंद, कारण पंख्याने सोल्डर नीट बसत नाही. बाहेर ते ऑक्टोबरचं ऊन, आत आम्ही घामाने निथळत, आणि हा माणूस चष्म्यावर चष्मा लावून तारांना चिठ्ठ्या चिकटवतोय. मी खूप बोलले त्याला. तुझ्या आईने तुला लहानपणी खेळणी दिली नाहीत का, असंही बोलले. तो नुसता "हं" म्हणायचा.

बजेट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बजेट म्हणजे काय घ्यायचं नाही ते ठरवणं. आपोआप उडवणारं यंत्र नको. दुसरा रेडिओ नको. शोभेचं काही नको. डबी तेवढी नवीन, कारण तिच्याशिवाय हद्दीत घेणार नाहीत. रेडिओ सेकंडहँड. क्षितिज दाखवायला एक स्क्रीन, तोही एका मोडलेल्या विमानातून काढलेला, पण कागदासकट. कारण ह्या धंद्यात कागद नसलेलं यंत्र म्हणजे पेपरवेट. जुन्यातलं फक्त होकायंत्र ठेवलं. त्याला वीज लागत नाही, ते कोणाचं ऐकत नाही. एखादा सुटा भाग स्वस्तात मिळाला की अरुण आनंदाने मला फोन करायचा. मी बाजारात शेवग्याच्या शेंगा घेत असायचे. "अगं, कनेक्टर मिळाला." अभिनंदन, मी म्हणायचे, बारसं कधी.

तारांची जुडी बांधायला प्लास्टिकच्या पट्ट्या चालतात, पण अरुणच्या जुन्या वर्कशॉपची पद्धत मेणाच्या दोऱ्याची. ठरावीक अंतरावर एक गाठ, घट्ट, पण तारेला न कापणारी. त्याची बोटं आता तेवढी चालत नव्हती. म्हणून बस्त्यावने आईला आणलं. फिलूबाय जाळी विणण्यात उभी हयात गेलेली. ती माझ्या टेबलाशी बसली, दोरा हातात घेऊन चावून बघितला, आणि बांधायला लागली. तोंडाने सुनेच्या कागाळ्या, बोटाने गाठी. अधूनमधून मला विचारायची, "ये वायरी मासं धरतात काय गो?" संध्याकाळी बस्त्याव तिला न्यायला यायचा तेव्हा सुक्या बोंबलांची पुडी घेऊन यायचा. मी चटणी वाटायचे, चौघं पलंगावर बसून भाकरीशी खायचो. खोटं कशाला बोलू, बरं चाललं होतं. मला त्या दिवसांचा जास्त राग येतो तो म्हणूनच.

दिवाळीच्या आठवडाभर आधी सगळं विमानात बसलं. अरुणने एकदा चालू करून बघितलं. वर निळं, खाली तपकिरी, मधे सरळ पांढरी रेघ: स्क्रीनवरचं क्षितिज. रेडिओ स्वच्छ बोलला. डबीचा छोटा हिरवा दिवा लागला. आता फक्त तपासायला इंजिनियर यायचे होते. त्यांनी बघून सही केली की दुसऱ्याच दिवशी सकाळी उत्तन. अरुण डावीकडे, बस्त्याव उजवीकडे, मागे मी आणि फिलूबाय. फिलूबायने त्यासाठी नवीन लुगडं काढून ठेवलं होतं.

तपासणीच्या दिवशी मीही गेले. डबा माझ्याकडे होता. अरुण इंजिनियरांना आणायला फाट्यावर गेला आणि मी शेडबाहेर झाडाखाली बसले. बस्त्याव एका हातात झेंडूची माळ धरून विमानाकडे गेला. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती. उन्हात माणूस पाणी घेऊन जातो, त्यात काय बघायचं. आतून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं, प्रार्थनेचं. बराच वेळ. मग तो बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला. चेहरा एकदम शांत, सणाच्या दिवशी असतो तसा.

अरुण इंजिनियरांना घेऊन आला तशी मी शेडच्या दारात येऊन उभी राहिले. इंजिनियर भला माणूस होता. कमी बोलणारा. त्याने बाहेरून बघितलं, कागद बघितले, तारांची जुडी बघून म्हणाला, "गाठी कोणी मारल्या? छान आहेत." मग आत बसून मुख्य बटण दाबलं. स्क्रीन लागला. निळं, तपकिरी, रेघ. रेघ थरथरली, तिरपी झाली, सगळं पांढरं झालं आणि विझलं. लगेच रेडिओतून जळका वास. इंजिनियरने बटण बंद केलं आणि खाली उतरला. "मागे ओल आहे कसली तरी," तो म्हणाला. "हे सगळं काढून नवीन बसवा, मग बोलवा मला."  चहा पिऊन गेला. बरोबरच होतं त्याचं. त्याच्या जागी मी असते तर मीही सही केली नसती.

अरुणने पॅनल पुढे ओढलं. मागच्या जोडांवर, पिनांवर, उन्हाने अर्धवट वाळलेला पांढरा थर होता. त्याने त्याला बोट लावलं आणि बोट जिभेला लावलं.

मग तो वळून बस्त्यावकडे बघायला लागला.

"दरियाचं पानी हाय," बस्त्याव म्हणाला. त्याला अजून कळलं नव्हतं. "उत्तनवरनं आनलं. एवढ्या लांब दरिया कुठं हाय, म्हनून आनलं. ओळख नको काय द्यायला? बापाची रीत हाय."

विमानाचं यंत्र होडीच्या यंत्रासारखं सीलबंद नसतं, हे त्याला कोणी सांगितलं होतं? त्या किश्श्यावर आमच्या घरी इतकी वर्षं हसणं झालं, पण हे वाक्य कोणाच्या तोंडून कधी आलं नाही. समुद्रापासून एवढ्या दूर, घाटावर, कोणाच्या मनात येणार? ओंजळभर पाणी. त्या माणसाने बाटली मांडीवर धरून आणली होती, सांडू नये म्हणून.

अरुण ओरडला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर बस्त्यावने त्या घेतल्या असत्या, होडीवर त्याहून जास्त ऐकतात लोक. पण अरुण अगदी शांतपणे, वर्कशॉपमधल्या आवाजात म्हणाला, "तुझ्या बापाला वाचवलं का रे त्या ओळखीने?"

मी चाळीस-पन्नास प्रकारची भांडणं केलीयत आयुष्यात. माझी जीभ काय आहे हे भाईंदर पूर्वेला माहीत आहे. पण असं वाक्य मला सुचलं नसतं. सुचलं असतं तर मी ते गिळलं असतं. नवरा म्हणून मी त्याची खूप कीव केलीय, राग केलाय, पण त्या क्षणी मला त्याची किळस आली.

 बस्त्यावने खाली पडलेली रिकामी बाटली उचलली. माळ तशीच राहिली. शेडबाहेर येऊन त्याने चपला घातल्या, माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "येतो, वयनी." आणि फाट्याकडे चालत गेला, एसटी धरायला. आम्ही गाडीने आलो होतो, चौघांच्या हिशोबाचा डबा होता, आणि तो उन्हात चालत गेला. अरुण पॅनल पुसत बसला होता. मेलेलं यंत्र पुसत. मी डबा उघडला नाही. घरी आणून चटणी नाल्यात ओतली.

त्या वर्षी बोंबलांची पुडी आली नाही. पुढच्याही वर्षी नाही. मी अरुणला म्हटलं, जा, पाय धर त्याचे. तो म्हणाला, "काय बोलू?" मी म्हटलं, चुकलो म्हण. तो म्हणाला, "चुकलो म्हणजे रेडिओची चूक का ती?"  खरंच होतं, तसल्या वाक्यावर चुकलो हा शब्द पुरत नाही. पण म्हणून माणसाने तोच शब्द तोंडात धरून म्हातारं व्हायचं का? मी एकटी उत्तनला गेले होते एकदा. फिलूबाय ओट्यावर बसली होती. चहा दिला, बाजारातले भाव विचारले, सुनेच्या कागाळ्या केल्या. बस्त्याव घरात होता. बाहेर आला नाही. निघताना फिलूबाय म्हणाली, "वरनं दिसतो काय गो दरिया? तू तरी बगितलास काय?" मी म्हटलं, नाही हो.

विमान भंगारात गेलं नाही. भंगारात गेलं असतं तर मी तुम्हाला हे सांगत बसले नसते. काशीमीऱ्याच्या एका हॉटेलवाल्याने ते घेतलं. गच्चीवर ठेवायचं, भोवती टेबलं मांडायची, हायवेवरून दिसलं पाहिजे. बस्त्यावने आपल्या वाट्याची सही पुतण्याच्या हाती पाठवली. पंख काढून, ट्रकवर चढवून, घाट उतरवून त्याला आणलं. रस्त्यात लोक मोबाइल काढून उभे होते. शेवटी क्रेनने गच्चीवर. पंख परत जोडले, गुलाबी रंग दिला. तोंड ठाण्याकडे, पाठ उत्तनकडे, कारण साइनबोर्ड त्या बाजूला आहे.

मग मालकाने अरुणला बोलावलं. "साब, अंदर लाइट-वाइट चाहिए. बच्चा लोग को बटन दबाने को मांगता है. बजेट कम है." आणि अरुणने होकार दिला. घरी आल्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडं लिहिते: लाज विकून खाल्लीस का, असं बोलले. तो म्हणाला, "दुसरा कोणी आला तर जुडी कापेल." म्हणजे तारांची जुडी. फिलूबायच्या गाठींची. ती अजून आत होती, आहे.

आता तिथे गच्चीवर वाढदिवस होतात. डावीकडच्या सीटवर बसून फोटो काढायचे पैसे वेगळे घेतात, उजवीकडचे कमी. पापलेट तवा फ्राय चांगलं असतं म्हणतात. ते पापलेट कोण देतो, तर उत्तनचा बस्त्याव. त्याचा टेम्पो सकाळी येतो. अरुण दुरुस्तीला दुपारी जातो. दोघांनी कधी ठरवलं नाही, पण इतक्या दिवसांत एकदाही समोरासमोर आले नाहीत.

यंदा गणपतीनंतर मालकाने पॅनल नवीन करून मागितलं. जुने दिवे मुलांनी दाबून दाबून मारले होते. अरुणने आठवडाभर खपून नवीन बसवलं. हॉटेलवाल्याने फ्लायओव्हरखाली फलक लावला, नवीन कॉकपिट म्हणून. आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं, बाजारात बोंबलांची पहिली जुडी आली, आणि त्याच दुपारी मालकाचा फोन आला. आवाज चढलेला. वो उत्तनवाला मछलीवाला सुबह गच्ची पर आया, बोतल निकालके पूरे पॅनल पे पानी डाला, शॉर्ट सर्किट हो जाता तो, आके देखो.

मी बरोबर गेले. का, ते माझं मलाच माहीत नाही.  गच्चीवर ऊन नुसतं भाजत होतं, टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकलेल्या. अरुण विमानात शिरला, डावीकडे बसला. मी उजवीकडे. बसल्या बसल्या सवयीने म्हणाला, "बेल्ट लाव." मी लावला. होकायंत्र हललं आणि थांबलं. ते अजून खरं बोलतं. पॅनलवर पांढरे ओघळ वाळले होते. त्याने बोट लावून जिभेला लावलं.

"सूड उगवलाय," मी म्हटलं. "बरं केलंन."

"सूड नाही," तो म्हणाला. "नवीन पॅनल बसलंय ना. आला तो. रीत आहे त्याची."

त्याने बटण दाबलं. आणि सगळे दिवे लागले. हिरवे, लाल, पिवळे, एकूण एक. मी बघतच राहिले. मी विचारलं, एवढं पाणी पडून कसे काय लागले?

"होडीवरचे आहेत," अरुण म्हणाला. "सीलबंद. पाणी चालतं त्यांना."

होडीवरचे दिवे साध्या दिव्यांपेक्षा महाग. मालकाचं बजेट मला माहीत होतं. म्हणजे वरचे पैसे ह्याने घातले, आणि बसवताना ह्याला ठाऊक होतं की तो येईल. जे विमान उडणार होतं त्यात ह्याला सुचलं नाही. जे कधीच उडणार नाही त्यात सुचलं. मला रडू आलं आणि त्या माणसाला दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. पायाशी वाकून बघितलं, तर तारांची जुडी तशीच, गाठी जिथल्या तिथे.

"फोन कर त्याला," मी म्हटलं.

 तो बेल्ट काढून खाली उतरला. मालक कपाळाचा घाम पुसत उभा होता. "देखो साब, नुकसान तो नहीं हुआ, लेकिन वो फिर आएगा तो मैं क्या बोलूँ उसको?"

"कुछ मत बोलना," अरुण म्हणाला. "बैठने दो. जितना बैठना है बैठने दो. लेफ्ट सीट पे."

मालकाने एकदा विमानाकडे बघितलं, एकदा ह्याच्याकडे.

"लेफ्ट सीट का चार्ज अलग है, साब."

अरुणने खिशात हात घातला.